टॅम लिन प्रकरण: परीदरबार स्वतःच्याच कायद्यात कसा अडकला

लोककथांतल्या परीदरबाराचे कायदे कुठे लिहून ठेवलेले नाहीत. ते कळतात प्रकरणांवरून. कुणी हद्द ओलांडली, कुणी नको ते खाल्लं, कुणी नको तिथे तोंड उघडलं आणि मग काय झालं, एवढाच पुरावा आपल्या हाती असतो. कल्पित दरबार रचणारे बरेच लेखक आधी नियमांची लांबलचक यादी करतात आणि मग गोष्ट तिच्यात कोंबतात. यादी वाचायला मजा येते, पण नियमाचा कस लागतो तो दोन नियम एकमेकांवर आदळतात तेव्हा. म्हणून इथे एकच प्रकरण मुळापासून तपासायचं आहे. त्यात दरबार हरतो, आणि आपला एकही नियम न मोडता हरतो.

प्रकरण स्कॉटलंडच्या एका जुन्या कथागीतातलं आहे. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या अमेरिकन अभ्यासकाने १८८२ ते १८९८ या काळात इंग्लंड-स्कॉटलंडमधली ३०५ पारंपरिक कथागीतं त्यांच्या पाठभेदांसह छापली. त्यांत ‘टॅम लिन’चा क्रमांक ३९. त्याचे पाठ बरेच आहेत. पहिला, म्हणजे ३९ अ, स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने एका गीतसंग्रहाला दिला आणि तो १७९२ मध्ये छापला गेला. गोष्ट मात्र कितीतरी जुनी. १५४९ च्या सुमाराच्या एका स्कॉटिश गद्यग्रंथात ‘तरुण टॅमलेन’च्या कहाणीचा उल्लेख आहे. पुढे जिथे वेगळं सांगितलेलं नाही, तिथे आधार पाठ अ चा आहे.

घडलं ते असं

सेल्कर्क गावाजवळ एट्रिक आणि यारो या दोन नद्या मिळतात, तिथलं रान म्हणजे कार्टरहॉ. आजही नकाशावर सापडतं. गीताची सुरुवातच मनाईहुकुमाने होते. केसांत सोनं माळणाऱ्या मुलींनो, कार्टरहॉच्या वाटेला जाऊ नका, तिथे टॅम लिन आहे. तिथून जाणारी प्रत्येक जण त्याच्याकडे काही ना काही तारण ठेवूनच सुटते: अंगठी, हिरवा झगा, नाहीतर कौमार्य.

जेनेट हे ऐकते, हिरवा घागरा गुडघ्याच्या वर खोचते आणि तडक तिकडेच निघते. विहिरीपाशी टॅम लिनचा घोडा उभा असतो, तो स्वतः दिसत नाही. ती गुलाब तोडते. दोन फुलं हातात येतात न येतात तोच तो उगवतो. फांदी का मोडलीस? माझ्या हुकुमावाचून इथे आलीस कशी? जेनेट म्हणते, कार्टरहॉ माझं आहे, माझ्या वडिलांनी मला दिलंय, मी येईन आणि जाईन, तुझी परवानगी मागणार नाही.

त्यानंतर काय झालं ते पाठ अ सांगत नाही. काही पाठांत मात्र त्याने तिला विचारलंच नाही असं सरळ म्हटलं आहे, आणि ते वाचून न वाचल्यासारखं करण्यात अर्थ नाही. जेनेट घरी येते तेव्हा तिची अवस्था दिसू लागली आहे. वाड्यातला एक म्हातारा सरदार कुरकुरतो की हिच्यापायी ठपका आमच्यावर येणार. ती त्याला तिथल्या तिथे झोडते: माझ्या मुलाचा बाप मी कुणालाही ठरवीन, पण तुला ठरवणार नाही. वडील मवाळपणे विचारतात, तर सांगते की माझा प्रियकर या पृथ्वीवरचा नाही, पण तुमच्या पदरच्या कुठल्याही सरदारासाठी मी त्याला सोडणार नाही.

ती पुन्हा कार्टरहॉला जाते, पुन्हा गुलाब तोडते, तो पुन्हा उगवतो. पोटातलं मूल मारायला निघालीस का, असं विचारतो. यावर जेनेट उलटतपासणी घेते: तू कधी चर्चमध्ये पाऊल ठेवलंस का? तुझा ख्रिस्ती समाजाशी काही संबंध होता का? मग तो सगळं सांगतो. तो रॉक्सबर्गचा नातू. एका बोचऱ्या थंडीच्या दिवशी शिकारीहून परतताना घोड्यावरून पडला. पडता पडता परीराणीने त्याला झेललं आणि हिरव्या टेकडीच्या पोटात नेलं. तिथे सुख आहे, पण दर सात वर्षांनी दरबाराला नरकाची खंडणी भरावी लागते. मी दिसायला देखणा, अंगाने भरलेला, माझीच पाळी येईल अशी धास्ती वाटते.

आणि आज हॅलोईन. मध्यरात्री राणीची स्वारी निघेल. माइल्स क्रॉसच्या चव्हाट्यापाशी थांब. काळा घोडा जाऊ दे, तपकिरी जाऊ दे, पांढऱ्या घोड्यावरच्या स्वाराला खाली ओढ. मग मला ते नाना रूपं देतील, तू सोडू नकोस.

जेनेट थांबते, ओढते, सोडत नाही. राणी झुडपातून संतापून बोलते. गीत संपतं.

जमिनीचा वाद

या प्रकरणाची प्रेमकथा म्हणून वाखाणणी होते, पण सुरुवातीचा तंटा निखळ जमिनीचा आहे. एकाच रानावर दोघांचा दावा. दरबाराचा दावा वहिवाटीचा: आमचा माणूस इथे पहारा देतो, येणाऱ्या-जाणाऱ्याकडून तारण घेतो, सगळा मुलूख हे जाणून आहे. जेनेटचा दावा वारशाचा: बापाने दिली, म्हणून माझी.

तिने हक्क कसा सांगितला याला महत्त्व आहे. ती माफी मागत नाही, वाट चुकले असं म्हणत नाही. दिलगिरीचा एक शब्द जरी निघाला असता तरी रानावर दुसऱ्याची सत्ता आहे हे तिने मान्य केल्यासारखं झालं असतं. परीलोकाशी बोलताना माणसं फार जपून शब्द वापरत. स्कॉटलंडमध्ये त्यांना थेट नावाने न पुकारता ‘भले शेजारी’ म्हणण्याची रीत होती. जेनेट ही रीत पाळत नाही, पण ती उद्धटही नाही. ती फक्त स्वतःच्या जमिनीवर उभी राहून बोलते.

तिच्या कपड्यांचा रंगही पाहायला हवा. हिरवा हा परीलोकाचा रंग. तो माणसांनी घालू नये, घातला तर ते रागावतात, असा समज स्कॉटलंडमध्ये मुरलेला होता. जेनेटचा घागरा हिरवा, झगा हिरवा. दरबाराची चाकरी न पत्करता दरबाराचा पोशाख अंगावर घालून आलेली ही बाई आहे. गीतकाराने हे मुद्दाम केलं की हिरवा शब्द चालीत बसतो म्हणून, ते सांगता येणार नाही. पण झग्याचा पुढे उपयोग होणार आहे.

नाक्यावर घेतलेलं तारण

आता मुख्य मुद्द्याकडे. परीलोकाच्या व्यवहाराचा गाभा असा की घेणारा बांधला जातो. त्यांच्याकडचं अन्न खाल्लं की माणूस तिथलाच होतो. ‘थॉमस द ऱ्हायमर’ या कथागीतात (चाइल्डच्या संग्रहात क्रमांक ३७) राणी थॉमसला घेऊन जाते तेव्हा वाटेत एक बाग लागते. तिथलं फळ तोडू नकोस, नरकातल्या सगळ्या पीडा त्यावर आहेत, असं ती स्वतःच बजावते आणि आपल्या मांडीवरची भाकरी व बाटलीतली वाइन त्याला देते. पाहुण्याला खाऊ घालायचं, पण त्या भूमीचं खाऊ द्यायचं नाही, इतकी बारीक काळजी. रात्री गुपचूप घरकाम करणाऱ्या ब्राउनी या घरभुताचंही तेच. त्याला कपडे भेट दिले की हिशेब चुकता झाला, तो घर सोडून जातो.

हाच नियम कार्टरहॉला लावून पाहा. जेनेटने दरबाराकडून काय घेतलं? अन्न नाही, भेट नाही, सोनं नाही. गुलाब तोडले, पण तिच्या म्हणण्याप्रमाणे ते तिच्याच जमिनीतले, आणि तिचा हा दावा कुणी खोडलेला नाही. घेतलं ते टॅम लिनने. तो दरबाराचा नाकेदार, त्याने नाक्याच्या रिवाजाप्रमाणे तीनातलं सगळ्यात जड तारण घेतलं. म्हणजे वहीत जेनेटच्या नावावर देणं काहीच नाही, येणं मात्र आहे.

आणि तारण म्हटलं की ते कधी ना कधी सोडवता येतं. इतर मुली अंगठी किंवा झगा गमावून गप्प बसल्या असतील. जेनेटच्या बाबतीत तारणाला मूल झालं, आणि मुलामुळे एक नातं तयार झालं, जे दरबाराच्या वहीत आधी कुठेच नव्हतं. टॅम लिन तिला धीर देतो तेव्हा शब्द नेमके हेच वापरतो: मला घट्ट धर, घाबरू नकोस, मी तुझ्या बाळाचा बाप आहे. तो प्रेमाची आण घालत नाही, नात्याचा दाखला देतो. दरबाराने ज्या नाक्यासाठी त्याला नेमलं, त्या नाक्याच्या वसुलीनेच दरबाराविरुद्धचा दावा उभा केला. मला वाटतं सगळं प्रकरण या एका खिळ्यावर टांगलेलं आहे.

राणीचा हक्क किती पक्का होता?

टॅम लिन राणीकडे आला कसा, हे पुन्हा बघू. त्याने करार केला नाही. वचन दिलं नाही. तो घोड्यावरून पडला आणि तिने झेललं, बस. थॉमसच्या बाबतीत गोष्ट वेगळी. त्याने राणीचं चुंबन घेतलं आणि सात वर्षांच्या सेवेला बांधला गेला. तिथे मुदत आहे, अटी आहेत (परीलोकात कुणाशी एक शब्दही बोलायचा नाही, बोललास तर मायदेशी परतणार नाहीस), आणि शेवटी मजुरीही आहे: असं सफरचंद, ज्याने जीभ खोटं बोलूच शकत नाही. थॉमस तक्रार करतो की अशी जीभ घेऊन मी बाजारात सौदा कसा करू! मजुरी नाकारायची सोय मात्र नाही.

टॅम लिनला मुदत नाही, अटी नाहीत, मजुरी नाही. राणीचा त्याच्यावरचा हक्क निव्वळ ताब्याचा आहे. झेललं आणि धरून ठेवलं, म्हणून आपलं. असा हक्क ताबा असेतोवरच टिकतो.

सुटकेचा विधी आता वेगळा दिसू लागतो. घोड्यावरून पडताना तो गेला, म्हणून परत मिळवायचं तर त्याला घोड्यावरून खाली ओढावं लागतं. राणीने झेललं होतं, आता जेनेटने झेलायचं. टेकडीत शिरून त्याला पळवून आणलं असतं तर ती चोरी ठरली असती. गयावया केली असती तर ती राणीकडची याचना, म्हणजे पुन्हा घेणं, म्हणजे पुन्हा बांधलं जाणं. ज्या कृतीने हक्क निर्माण झाला तीच कृती उलट्या बाजूने करायची, आणि राणीपेक्षा घट्ट धरायचं. कायद्याची इतकी चोख आखणी लोकगीतात कुणी ठरवून केली असेल असं नाही. पिढ्यान्‌पिढ्या गाताना जे पटलं नाही ते गळून गेलं असेल.

दरबार मांडलिक आहे

खंडणीचं कलम नसतं तर टॅम लिनला सुटायची घाईच नव्हती. तो स्वतः कबूल करतो की परीलोक सुखाचा आहे. आपल्याकडे चौथाई ऐकून माहीत असलेल्या वाचकाला हे पटकन उमगेल: डोक्यावर मुकुट असला तरी जो दुसऱ्याला खंडणी भरतो त्याचं राज्य पुरतं त्याचं नसतं. राणी टेकडीत सर्वसत्ताधीश दिसते, पण तिच्यावर एक धनी आहे आणि तो माणसाच्या रूपातला हप्ता मागतो.

या कलमाचे आणखी दोन दाखले आहेत. थॉमसच्या कथेचं मध्ययुगीन काव्यरूप आहे. त्यात राणी त्याला घाईघाईने परत पाठवते, कारण नरकाचा दूत आपला वाटा न्यायला येणार आहे आणि तू असा धडधाकट, त्याची नजर तुझ्यावरच पडेल. म्हणजे हप्त्यात माणूस न देता त्याला आधीच घरी धाडणं हेही दरबाराच्या रिवाजात बसतं! दुसरा दाखला न्यायालयातला आहे. १५८८ मध्ये फाइफ परगण्यातल्या ॲलिसन पिअरसनवर चेटुकाचा खटला झाला. तिच्या जबानीत तिला सावध करणारा माणूस सांगतो की या लोकांतला दहावा हिस्सा दर वर्षी नरकात जातो. गीतात सात वर्षं, जबानीत एक. हप्त्याची मुदत सांगण्यात एकवाक्यता नाही, पण हप्ता आहे यावर दोघांचं एकमत.

राणीने थॉमसला वाचवलं, मग टॅम लिनला का नाही? त्याची मुदतच ठरलेली नव्हती, म्हणून त्याला ‘मुदत संपली, जा’ म्हणता येत नव्हतं, असं एक उत्तर देता येईल. दुसरं उत्तर जास्त साधं: तिला तो हवा होता. आपल्या ताफ्यातला सगळ्यात देखणा, असं ती शेवटी बोलूनही जाते. आणि त्याची भीती खरी होती याची तरी खात्री कुठे आहे? हप्त्यासाठी राणीने त्याचं नाव काढलंय असं गीत म्हणत नाही. ही त्याची स्वतःची अटकळ.

स्वारीचा शिष्टाचार

हॅलोईनची रात्र म्हणजे दरबार उघड्यावर येण्याची रात्र. टेकडीच्या आत कुणाला शिरता येत नाही, पण स्वारी निघाली की ती माणसांच्या वाटेवरून जाते. चाइल्डच्या संग्रहातल्या ३५ व्या कथागीतात, ‘ॲलिसन ग्रोस’मध्ये, एका चेटकिणीने माणसाला किडा करून झाडाभोवती फिरायला लावलं आहे. हॅलोईनच्या रात्री भल्या परींचा दरबार, ज्याला सीली कोर्ट म्हणतात, तिथून जातो. राणी घोड्यावरून उतरते, त्याला हातात घेते, गुडघ्यावरून तीनदा हात फिरवते आणि मूळ रूप परत देते. तीच रात्र, तशीच स्वारी. बदललेलं रूप त्या रात्री उलटवता येतं, याचा हा दुसरा पुरावा.

स्वारीत कोण कुठे, कसा, हे ठरलेलं असतं. काळे घोडे, तपकिरी घोडे, पांढरा घोडा. टॅम लिन पांढऱ्यावर आणि गावाच्या सगळ्यात जवळच्या बाजूने, कारण तो मुळचा पृथ्वीवरचा सरदार, त्याला हा मान दिलाय. उजव्या हातात मोजा, डावा उघडा. टोपी वर सरकवलेली, केस खाली विंचरलेले. या तपशिलांचा उपयोग जेनेटला ओळखण्यासाठी होतो हे उघडच आहे. पण हे तपशील त्याने त्या रात्रीसाठी जुळवलेले नाहीत. तो दरबाराचा शिरस्ता आहे, आणि स्वारी निघायच्या आधीच तो हे सगळं सांगू शकतो, कारण त्यात बदल होणारच नाही याची त्याला खात्री आहे.

इथे दरबाराची दुखरी नस सापडते. मानाच्या पाहुण्याला कडेला, माणसांच्या वस्तीच्या बाजूला ठेवायचं. म्हणजे मान दिला, आणि त्याच मानाने त्याला हाताच्या अंतरावर आणून ठेवलं. सुरक्षेचा विचार करणारा कुठलाही सेनापती त्याला मधोमध ठेवता. दरबाराला तसं करता येत नाही, कारण मानाचा क्रम मोडणं म्हणजे दरबार मोडणं. परीदरबार लिहिताना लहरी, मनमानी राणी रंगवणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा. मनमानी करणारी राणी हरवायला अवघड असते, पण तिची भीती वाटत नाही, कारण ती काहीही करू शकते आणि म्हणून काहीच ठरत नाही.

पकड

पाली-सरड्यासारखा ओला जीव आणि साप. मग अस्वल. मग सिंह. मग लाल तापलेली लोखंडी कांब. शेवटी पेटता निखारा. पाठापाठांत क्रम आणि प्राणी थोडे इकडेतिकडे होतात.

मला या प्रसंगात सगळ्यात लक्षणीय वाटतं ते हे की, राणी आणि तिचे लोक जेनेटला हात लावत नाहीत. तिला दगड करत नाहीत, आंधळं करत नाहीत, वाऱ्यावर उडवत नाहीत. सगळी जादू टॅम लिनवर चालते. का? कारण तेवढ्यावरच त्यांचा अधिकार आहे. जेनेट दरबाराची कुणी लागत नाही, तिने काही घेतलेलं नाही, ती दरबाराच्या हद्दीत नसून चव्हाट्यावर उभी आहे. तिला इजा करायची तर तिने आधी काहीतरी चुकायला हवं. आणि चूक एकच शक्य आहे, सोडणं. म्हणून सगळा जोर तिने आपणहून हात सोडावेत यावर.

टॅम लिनने आधीच सांगून ठेवलंय की तापलेली कांब होईन तरी तुला इजा करणार नाही. जेनेटला हे वाक्य खरं मानावं लागतं, बाकी आधार काही नाही. निखारा झाला की विहिरीच्या पाण्यात टाकायचा. दुसऱ्या एका पाठात आधी दूध, मग पाणी. मग तो नागडा माणूस होऊन बाहेर येतो आणि जेनेटने त्याला आपल्या हिरव्या झग्याखाली झाकायचं, कुणाला दिसणार नाही असं.

हा तोच झगा. नाक्यावर जी तीन तारणं मागितली जात त्यांतलं एक. जेनेटने तेव्हा झगा दिला नव्हता, तो तिच्याकडेच राहिला, आणि आता त्याच झग्याने ती नाकेदाराला आपल्या ताब्यात घेते. दरबाराच्या रंगाचं कापड, पण दरबाराचं नव्हे. ओला, उघडा, कापडात गुंडाळलेला माणूस पाहून नुकतंच जन्मलेलं मूल आठवणारे वाचक असतील, तेही चूक म्हणता येणार नाही.

राणी काय बोलली

झुडपातून पहिला आवाज येतो तो कबुलीचा: ज्याला टॅम लिन मिळाला त्याला रुबाबदार नवरा मिळाला. मग शिव्याशाप: तिच्या कुरूप तोंडाला काळं लागो, ती वाईट मरणाने मरो, माझ्या ताफ्यातला सगळ्यात देखणा सरदार नेला तिने. आणि शेवटी टॅम लिनला उद्देशून: आज रात्री जे पाहतेय ते आधी कळलं असतं, तर तुझे करडे डोळे काढून लाकडाचे बसवले असते. इतर पाठांत मांसाचं काळीज काढून दगडाचं बसवण्याचीही भाषा आहे, आणि एका पाठात ती म्हणते की तू जिंकला जाण्याआधीच मी सात वेळा नरकाची खंडणी भरून टाकली असती.

धमकीची सगळी वाक्यं ‘कळलं असतं तर’ अशी. ‘आता करीन’ असं एकही नाही. शिव्यांना दरबारी कायद्यात किंमत नसावी, कारण जेनेटला पुढे काही झाल्याचं गीत सांगत नाही. राणीकडे उपाय उरलेला नाही हे तिच्याच क्रियापदांतून कळतं. निकाल तिला मान्य नाही, पण तो फिरवण्याचा मार्गही नाही.

लाकडाच्या डोळ्यांची धमकी ऐकायला नुसती क्रूर वाटते, पण दरबाराच्या दंडसंहितेत ती नेमकी बसते. युरोपभर एक कथा सांगितली जाते. माणसातली एक सुईण किंवा दाई परीलोकात बाळासाठी नेली जाते, तिथलं मलम चुकून तिच्या एका डोळ्याला लागतं आणि त्या डोळ्याने तिला परीलोकातली माणसं दिसू लागतात. पुढे बाजारात त्यांच्यातला एक दिसतो, ती त्याची विचारपूस करते, आणि तो तिचा तोच डोळा निकामी करतो. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला टिलबरीचा गर्व्हेस या इंग्रज लेखकाने अशीच हकिकत नोंदवली आहे. पाहिल्याचं कबूल करू नये, ओळख दाखवू नये, हा नियम. मोडला तर डोळा जातो. टॅम लिनने यापेक्षा मोठा गुन्हा केला. दरबाराची स्वारी कधी, कुठून, कुठल्या क्रमाने जाते हे सगळं त्याने बाहेरच्या बाईला सांगितलं. राणी डोळ्यांचं बोलते ती म्हणूनच. शिक्षा ठरलेली होती, फक्त अंमलबजावणीला उशीर झाला.

शेजारच्या कोर्टात

गीत गाणाऱ्या समाजातल्या खऱ्या न्यायालयाशी तुलना केल्याशिवाय हा दरबार किती नेमस्त आहे ते कळत नाही. स्कॉटलंडमध्ये १५६३ पासून चेटुकाविरुद्ध कायदा होता आणि परीलोकाशी व्यवहार ठेवणं त्यात सापडू शकत असे. १५७६ मध्ये एअरशरच्या बेसी डनलॉपवर खटला चालला. टॉम रीड नावाचा माणूस आपल्याला भेटतो, तो १५४७ च्या पिंकीच्या लढाईत मेलेला आहे, असं तिने सांगितलं. त्याने तिला भल्या शेजाऱ्यांपुढे नेलं. त्यांनी ‘आमच्याबरोबर येशील का’ असं विचारलं, आणि ती गप्प राहिली, कारण टॉमने बोलू नकोस असं आधीच बजावलं होतं. परीलोकाचा शिष्टाचार तिने बिनचूक पाळला. माणसांच्या कोर्टाने तिला दोषी ठरवून जाळलं. ॲलिसन पिअरसनचंही तेच झालं.

जेनेटने दरबाराचा माणूस दरबारासमक्ष ओढून नेला आणि ती घरी गेली.

देणं शिल्लक

प्रकरण मिटलं तरी एक बाब अनिर्णित राहते आणि गीत तिच्याकडे वळूनही बघत नाही. खंडणी टॅम लिनच्या नावावर नव्हती, दरबाराच्या नावावर होती. तो सुटल्याने हप्ता माफ होत नाही. टॅम लिनची अटकळ खरी असेल तर त्याच्या जागी दुसरं कुणीतरी जाणार, आणि निवडीचा निकष त्याने स्वतःच सांगितलाय: देखणा आणि अंगाने भरलेला. काळ्या आणि तपकिरी घोड्यांवरचे स्वार त्याच्याच सांगण्यावरून जेनेटने जाऊ दिले होते. त्यांच्यात आणखी कुणी पृथ्वीवरून झेललेला होता का, हे तिने विचारलं नाही, आणि विचारण्याची तिच्यावर सक्तीही नव्हती. तिचा दावा एका माणसापुरता होता. त्या उरलेल्यांपैकी कुणाच्या वतीने पुन्हा माइल्स क्रॉसवर उभं राहायचं झालं, तर जेनेटच्या निकालाचा दाखला उपयोगी पडेल, पण फक्त त्याला, ज्याच्याकडे राणीच्या वहीत नसलेलं एखादं नातं असेल.